नायकाची ताकद कमी करू नका, आधी त्याचा मंगळवार लिहा

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर तुम्हाला लगेच दिसेल.

तुमचा नायक भास्कर. निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करणारा पोरगा. वळवाच्या पावसात अंगावर वीज पडते आणि त्याला सूर्याची ताकद येते. उडतो, गोकाकचा धबधबा तळहातावर थोपवतो, मेलेल्या माणसाला हात लावून उठवतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, आणि झटका आला की त्याच्या आतून ‘अमावस्या’ नावाचा दुसरा बाहेर पडतो, तो गावंच्या गावं भुईसपाट करतो. साठ पानं काढून झालीत. मित्र म्हणतात, पहिली दोन प्रकरणं भारी, तिसऱ्यापासून पुढं वाचवत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, की ताकद कमी करू, की आजाराचा भाग काढूनच टाकू?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. पानं बघून मला वाटतं, दुखणं तिसरीकडेच आहे.

काही गोष्टी मला इथं बसून कळणार नाहीत, त्या आधी सांगून टाकतो. ही एकदाच संपणारी गोष्ट आहे की तुम्हाला वर्षानुवर्षं चालवायची आहे, त्यावर बरंच अवलंबून आहे. अफाट ताकदीचा नायक शंभर पानांत उत्तम चालतो, शंभर अंकांत त्याचं लोणचं होतं. वाचक बारा वर्षांचा आहे की पंचविशीतला, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भास्कर कुणावरून आलाय. तो घरातल्या कुणावरून आला असेल तर माझे काही सल्ले तुम्हाला लागू पडणार नाहीत, आणि काही जास्तच लागू पडतील. उत्तर इथं द्यायची गरज नाही. स्वतःला ठाऊक असलं की झालं.

मी बावीस वर्षं बेळगावात बसून चित्रकथा लिहितोय आणि काढतोय. रविवारी टिळकवाडीत पोरांचा एक छोटा वर्ग घेतो. त्यात दर वर्षी दोघं-तिघं तरी तुमच्या भास्करचा भाऊ वहीत घेऊन येतात. नाव वेगळं, केस तसेच डोळ्यांवर आलेले. म्हणून हा प्रश्न मला नवा नाही, आणि याची ओढ कुठून येते तेही थोडंफार माहीत आहे. सतरा-अठराव्या वर्षी माणसाला वाटत असतं की आपल्या आत काहीतरी प्रचंड आहे आणि कुणाला त्याचा पत्ता नाही. त्याच वयात सकाळी अंथरुणातून उठवत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच अंगात राहतात आणि घरात कुणाला सांगायची सोय नसते. मग कुणीतरी असा नायक दाखवतो, जो सूर्य उचलू शकतो पण दार उघडून बाहेर येऊ शकत नाही. पोरगं म्हणतं, हा मी.

आपल्या भागात त्यात आणखी एक पदर आहे असं मला उगाच वाटतं. आपण सगळेच दोन नावांनी जगतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं कागदावरचं नाव बेळगावी झालं, जेवताना ते बेळगावच राहिलं. रेशन कार्डावर बाबांचं नाव एक, चुलत्यांच्या तोंडात दुसरं. दुहेरी ओळखीचा नायक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. यातच एक खड्डाही आहे, त्याकडे पुढं येतो.

तुम्ही मार्व्हल या अमेरिकेतल्या कॉमिक्स कंपनीच्या ‘सेंट्री’ या नायकाचं नाव घेतलंय ते बरं केलंत, कारण भास्करचं जे होतंय ते सेंट्रीचं आधीच होऊन गेलंय. सेंट्री २००० साली पॉल जेनकिन्स आणि चित्रकार जे ली यांनी आणला. आणतानाच कंपनीने एक गंमत केली. मार्व्हलचे जुने लेखक स्टॅन ली यांचा साठच्या दशकातला विसरला गेलेला नायक सापडला, अशी हूल उठवली आणि त्यासाठी आर्टी रोझेन नावाचा कधीच नसलेला चित्रकारही उभा केला. ही नुसती जाहिरातबाजी नव्हती. गोष्टच विसरण्याची होती. बॉब रेनॉल्ड्स नावाचा पोट सुटलेला, मध्यमवयीन माणूस रात्री जागा होतो आणि त्याला आठवतं की आपण जगातला सगळ्यात ताकदवान नायक होतो, दहा लाख फुटणाऱ्या सूर्यांएवढे. जगाला मात्र काही आठवत नाही. जुन्या मित्रांच्या दारात जाऊन तो एकेकाला आठवण करून देतो, कारण ‘व्हॉइड’ नावाचा त्याचा शत्रू परत येतोय. शेवटी कळतं की व्हॉइड तोच आहे. त्याने जेवढं भलं केलं तेवढंच वाईट त्याच्याच सावलीने केलं, म्हणून सगळ्यांच्या डोक्यातून आपलं नाव पुसायला त्यानेच संमती दिली होती. पुन्हा एकदा तो तेच करतो.

आता बघा, या गोष्टीत त्याच्या ताकदीला काही काम आहे का? जवळजवळ नाहीच. काम आहे ते आठवणीला. वाचक पुढचं पान उलटतो ते ‘हा जिंकेल का’ म्हणून नव्हे, ‘आठवल्यावर हा कसा जगेल’ म्हणून. म्हणूनच ती पहिली लहानशी मालिका टिकली.

मग २००५ पासून त्याला अ‍ॅव्हेंजर्सच्या नव्या संघात घेतलं आणि तिथून लेखकांची पंचाईत सुरू झाली. सुरुवातीलाच तो कार्नेज नावाच्या खलनायकाला उचलून पृथ्वीबाहेर नेतो आणि उभा फाडतो. लढाई संपली. बाकीच्यांनी काय करायचं? चहा प्यायचा? असा माणूस संघात ठेवला की दर गोष्टीत त्याला घरी बसवायला कारण शोधावं लागतं, आणि कारण हाताशी तयार होतं: त्याचा आजार. त्याला ॲगोराफोबिया आहे, मोकळ्यावर किंवा गर्दीत अडकून पडू या भीतीने तो बाहेर पडत नाही. २००७ मध्ये हल्क सगळं शहर वेठीला धरतो तेव्हा हा घरात बसून राहतो आणि शेवटी एकदाचा बाहेर येतो. २०१० मध्ये ब्रेक पूर्ण सुटला. त्याने एरीझ या युद्धाच्या देवाला दोन हातांनी फाडलं, अ‍ॅस्गार्ड हे देवांचं नगर पाडलं, आणि अखेर मला मारा म्हणाला. थॉरने मारलं आणि देह सूर्यात नेऊन टाकला.

लेखक वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी आजाराला गाडीचा ब्रेक केलं, आणि ब्रेक तुटल्यावर गाडी दरीत ढकलण्याशिवाय हातात काही उरलं नाही. ज्यांनी सेंट्रीला पडद्यावर पाहिलं त्यांना आठवेल, २०२५ च्या सिनेमात शेवट वेगळा आहे. तिथं बॉब स्वतःच्याच सावलीला बुक्के मारत सुटतो आणि जितकं मारतो तितका तिच्यात बुडत जातो. त्याला थांबवतात ते बाकीच्यांचे धरून ठेवणारे हात. वीस-पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणात हाच ब्रेक आहे. भास्कर धबधबा थोपवायला जातो, जिंकणार असं दिसतं, झटका येतो, अमावस्या बाहेर पडतो. चौथ्या प्रकरणात कोयनेच्या पुरात तेच. पाचव्यात तेच. ताकद जास्त असल्याचा कंटाळा कुणाला आलेला नाही. झटका नेमका कधी येणार हे वाचकाला कळायला लागलंय.

हे मी छातीठोक सांगतोय कारण स्वतः ठेच खाल्ली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी मालिका केली होती. नायक जे बोलेल ते खरं होणार, अशी त्याची ताकद. मला वाटलं काय भन्नाट कल्पना आहे. दुसऱ्या अंकातच अडकलो, कारण असा माणूस ‘खलनायक मेला’ म्हणाला की अंक संपतो. मग मी त्याला आजार दिला. ताण आला की त्याची वाचा जायची आणि डोळ्यांपुढं अंधार यायचा. चार अंकांत मालिका बंद पडली. बंद होण्याआधी खानापूरहून एका आठवीतल्या पोरीचं पत्र आलं होतं, ते मी अजून ठेवलंय. तिनं लिहिलं होतं, ‘दादा, प्रत्येक अंकात पान १४ वर त्याला झटका येतो. मी आता अंक आल्यावर आधी पान १४ बघते, मग बाकीचं वाचते.’

मी चारही अंक काढून बघितले. खरंच, पान चौदा. एका अंकात तेरा.

अमेरिकेतल्या सुपरमॅनलाही हा त्रास झालाच. तो आला १९३८ मध्ये, आणि त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइटचा दगड पहिल्यांदा ऐकू आला तो १९४३ मध्ये रेडिओच्या मालिकेत. दगडाचं एक बरं असतं. तो बाहेरचा असतो, कुणीतरी खिशातून काढतो, काम झालं की फेकून देतो. कुणा वाचकाच्या अंगात क्रिप्टोनाइट नसतं. स्किझोफ्रेनिया मात्र जगात साधारण तीनशे माणसांत एकाला असतो. तुमचं पुस्तक हजार जणांनी वाचलं तर त्यात तिघं-चौघं असे असतील, आणि त्यांच्या घरचे दहा-बारा जण. तुम्ही त्यांचा आजार दगडासारखा वापरताय.

आजाराबद्दल दोन गोष्टी सरळ सांगतो, कारण तुमच्या पानांवर त्या चुकल्या आहेत. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसं नव्हेत. तो गैरसमज जुना आहे आणि तो पसरवण्यात आमच्या धंद्याचा हात मोठा. यात माणूस एकच असतो. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले अर्थ दिसतात, कुणी पाळतीवर आहे असं वाटतं. पुष्कळदा त्याहून ठळक दिसतं ते उलटच: बोलणं आटतं, आंघोळ राहून जाते, माणूस कोपऱ्यात बसतो. दुसरी गोष्ट, असे आजारी लोक दुसऱ्यावर हात टाकतील त्यापेक्षा दुसऱ्यांकडून मार खाण्याची, फसवलं जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. आपल्याकडे कुणी जरा वेडंवाकडं बोललं की लगेच ‘ह्याला धारवाडला न्या’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, म्हणून हसतात. अमावस्या हा त्याच हसण्याचा दुसरा चेहरा आहे. एकदा हसून घेतलं, एकदा घाबरून घेतलं. माणूस दोन्हीकडे दिसलाच नाही.

मी पाहिलेला एक माणूस सांगतो. आम्ही बेळगावच्या शहापुरात राहायचो तेव्हा शेजारी एक काका होते, विणकर. घरातच पुढच्या खोलीत माग. त्यांना आवाज ऐकू यायचे. गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, हात बारीक थरथरायचे, तरी तुटलेला धागा ते असा जोडायचे की बोट फिरवूनही गाठ लागू नये. माग चालू असला की काका ठीक. त्या खटखटाटात बाकी सगळे आवाज बुडून जायचे. पंचाईत व्हायची ती करंट गेला की. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे. आम्हा पोरांना ती शांतता म्हणजे खेळायला सुट्टी. काका मात्र उंबऱ्यापर्यंत यायचे, चौकटीला धरून उभे राहायचे आणि विचारायचे, ‘आत्ता कोण बोललं रे?’ उंबरा ओलांडायचे नाहीत.

आणि काकू काय करायच्या माहीत आहे? काही न बोलता मोरीत जाऊन भांडी घासायला बसायच्या. सकाळी घासून पालथी घातलेलीच भांडी. ती पुन्हा काढायच्या आणि चांगली आपटून-आपटून घासायच्या, करंट येईपर्यंत. मला कित्येक वर्षं वाटायचं, ही बाई किती वैतागलेली असते! मोठा झाल्यावर कळलं ती काय करत होती.

तुमच्या साठ पानांत असं एकही भांडं वाजत नाही. भास्करला आजार आहे तो फक्त लढाईत. सोमवारी धबधबा, शुक्रवारी पूर. मंगळवारी तो काय करतो? गोळी कोण आणतं? गोळीने झोप येते म्हणून वखारीत मुकादमाच्या शिव्या खातो का? आवाज येतात तेव्हा ते काय म्हणतात? तुम्ही त्यांना ‘नष्ट कर! नष्ट कर!’ असं बोलायला लावलंय, अक्षरं ठळक करून. आवाज बऱ्याचदा फार फालतू गोष्टी बोलतात. दार नीट लागलं नाही. ती तुझ्याबद्दलच बोलत होती. पोतं चुकीच्या थप्पीला लावलंस. हे ‘नष्ट कर’पेक्षा भीतिदायक वाटेल, लिहून बघा.

आता दुहेरी ओळखीतला तो मघाचा खड्डा. तुमचा भास्कर मराठी बोलतो आणि अमावस्या कन्नड. ही कल्पना तुम्हाला कशी सुचली असेल ते मला कळतं, आणि ती काढून टाका असंच मी सांगेन. वाद नको म्हणून नव्हे. ती खोटी आहे म्हणून. निपाणीत वखारीत काम करणाऱ्या पोराच्या डोक्यात कन्नड ही परक्याची, अंधाराची भाषा असू शकत नाही. ती त्याच्या निम्म्या दिवसाची भाषा आहे. तो चिक्कोडीच्या बाजारात तिच्यात घासाघीस करतो, शिव्या देतो, सिनेमे बघतो. उलट करून बघा की. आतले आवाज घरच्या मराठीत येतात, वडिलांच्या सुरात येतात, आणि त्या गोंधळातून त्याला बाहेर ओढते ती रस्त्यावरच्या भाजीवालीची साधी हाक, ‘ऊट आतेन?’ जेवलास का. आमच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, माझी आजी रागावते मराठीत आणि लाड करते कन्नडमध्ये. आपल्याकडचं खरं हे असं आहे.

ताकदीकडे येतो. आपल्या गोष्टींना अफाट ताकदीची भीती कधीच नव्हती. हनुमानाला काय कमी होतं? पण लहानपणी ऋषींना छळलं म्हणून त्याला शाप मिळाला, की तुझी ताकद तुला आठवणारच नाही, कुणी आठवण करून दिल्याशिवाय. समुद्राच्या काठावर सगळे वानर हात टेकून बसलेत, हा एका बाजूला गप्प, आणि म्हातारा जांबवंत त्याच्याजवळ जाऊन बोलतो. उड्डाणापेक्षा मला ते बोलणं जास्त आवडतं. सेंट्री ही त्याचीच उलटी बाजू समजा: याला आठवतं, जगाला आठवत नाही. दोन्हीकडे ताकदीची किल्ली दुसऱ्या माणसाच्या हातात आहे. तुमच्या भास्करची किल्ली कुणाकडेच नाही. वीज पडली, ताकद आली. झटका आला, ताकद फिरली. माणसांचा संबंधच येत नाही.

दुसरा तर आपल्या जिल्ह्यातलाच. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा म्हणजे रेणुका, तिचा मुलगा परशुराम. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणारा, म्हणजे तुमच्या अमावस्येहून कमी नाही. त्याची सगळी गोष्ट उभी आहे ती एका आज्ञेवर. बाप म्हणतो, आईचं डोकं उडव. भाऊ नाही म्हणतात. हा उडवतो. आणि बाप खूश होऊन वर माग म्हणतो तेव्हा पहिलं मागणं काय, तर आईला जिवंत कर. भारत हुण्णिमेच्या, म्हणजे माघी पौर्णिमेच्या जत्रेला लहानपणी आजीबरोबर जायचो तेव्हा चौंडकं या वाद्यावर जी गाणी ऐकली, त्यांत एकवीस वेळच्या कत्तलीला कुणी विचारत नव्हतं. गाणारीचा गळा भरून यायचा तो आईपाशी. मुद्दा लक्षात घ्या: परशुरामाने ‘तो मी नव्हतोच’ म्हटलेलं नाही. हात त्याचेच होते.

तुमच्या भास्करला ही पळवाट आहे. अमावस्या गाव झोपवतो, सकाळी भास्कर जागा होतो, गुडघ्यावर बसून रडतो, प्रकरण संपतं. रडणं सुंदर काढलंय तुम्ही, पावसाच्या रेघा तर फारच छान. पण त्या गावाचं काय झालं? पडलेल्या घरांचा पंचनामा कुणी केला? नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत कोण हेलपाटे घालतंय? भास्कर उडत असतो तेव्हा खाली रांगेत उभी असलेली एक म्हातारी दाखवली असतीत तर माझ्या पोटात गोळा आला असता. दुःख इतकं भव्य केलं, मखरात बसवलं, की आपल्याला नमस्कारच करावासा वाटतो. जाब विचारावासा वाटत नाही.

म्हणून ताकद राहू द्या. धबधबा थोपवू द्या, उडू द्या. एक मात्र काढा: मेलेल्याला उठवणं. ती एकच ताकद अशी आहे, की ती असेपर्यंत पानावर घडलेल्या कशालाच किंमत राहत नाही. परशुरामाला आई परत मिळाली, पण मागून मिळाली आणि एकदाच मिळाली. तुमच्या भास्करने तीन प्रकरणांत अकरा माणसं उठवलीत, मी मोजली.

आता तिसरं प्रकरण मी असतो तर कसं केलं असतं ते सांगतो. घ्यायचं तेवढं घ्या.

पहिल्या प्रकरणात भास्करची अक्का दोन चौकटींपुरती येते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, विड्या वळतेय, शेजारी दोन वर्षांचं पोर. मग ती गायब होते ती कायमची. तिला परत आणा. तिसऱ्या प्रकरणात गोकाक नको, फक्त हे घर. अक्काच्या हजार विड्या भरल्या आहेत, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून झाल्यात, त्या देऊन यायला अर्धा तास लागणार. पोर नुकतंच झोपलंय. घरात दुसरं कोणी नाही, भास्कर आहे. पोराला त्याच्याजवळ ठेवून जायचं का?

प्रकरणाचा प्रश्न एवढाच. बघा, त्याच्या ताकदीचा इथं काडीचाही उपयोग नाही. तो धबधबा थोपवेल, पण अक्काच्या मनात भरवसा घालू शकत नाही. आणि अक्का वाईट नाही. तिनं मागच्या वर्षी काय बघितलंय ते तिला माहीत आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मध्ये पोर झोपलंय. मला सांगा, पान उलटायला आणखी काय लागतं?

माझ्या मनातलं पान असं आहे. पहिली चौकट: अक्का जुड्या मोजतेय, तोंडातल्या तोंडात. दुसरी: भास्कर भिंतीला टेकून, हातात गोळीचं पाकीट, दोन गोळ्या कमी झालेल्या स्पष्ट दिसतायत. संवाद नाही. तिसरी: अक्का पिशवी उचलते, ‘येतो रे लगेच’ म्हणते. (आपल्याकडच्या बायका ‘येतो’च म्हणतात, ‘येते’ लिहू नका. तुमच्या पहिल्या प्रकरणात ती पुण्यासारखं बोलते.) चौथी चौकट लांबट ठेवा, पानाच्या रुंदीची: दारातून दिसणारी गल्ली, अक्का पाठमोरी, आणि जाता जाता शेजारच्या मावशीला हळूच काहीतरी सांगतेय. मावशी आपलं दार उघडं टाकून उंबऱ्यात येऊन बसते. पाचवी: भास्करचा चेहरा. त्याने ते पाहिलंय. सहावी: तो पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतोय, पाहिलंच नाही असा.

सहाव्या चौकटीत तो जे करतो, ते त्याने तोपर्यंत केलेलं सगळ्यात अवघड काम आहे. आणि त्याला झटका येणार की नाही हे वाचकाला खरंच माहीत नसेल, कारण झटका यायचं पान तुम्ही काढून टाकलेलं असेल.

अमावस्येचं काय करायचं हे मी सांगणार नाही, ते प्रकरण लिहून झाल्यावर तुम्हालाच दिसेल. माझा अंदाज, तो निम्मा तरी गळून पडेल. ठेवायचाच असेल तर आजारापासून वेगळा ठेवा. वीज अंगावर पडण्याआधी भास्करला आवाज येत होते का? येत असतील तर वीज ही एक गोष्ट आणि आजार ही दुसरी. मग अमावस्या हा विजेचा भाग झाला, आजाराचा नव्हे. गोळ्यांनी आवाज कमी होतील, अमावस्या तसाच राहील. एका वाक्याचा बदल आहे, पण घरात गोळ्या खाणारं कुणी असलेल्या वाचकाला त्याने श्वास घेता येईल. डॉक्टरही दाखवा एकदा, साधे, घाईतले. आमच्या कॉमिक्समध्ये मनाचे डॉक्टर एक तर खलनायक असतात नाहीतर चष्मा पुसत पुसत भविष्य सांगतात.

सुरुवातीला विचारलं होतं की भास्कर कुणावरून आलाय. तो जर तुमच्यावरूनच आला असेल आणि रात्री फार जड जात असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

आणि एक विनंती. नवं तिसरं प्रकरण काढाल ते आधी नुसतं पेन्सिलीत काढा, शाई लावू नका. अक्काचे हात कच्चे आहेत तुमचे. विडीचा दोरा बांधताना अंगठा आणि पहिलं बोट कसं वळतं ते तुमच्या गल्लीत कुणाच्याही ओसरीवर बसून तासभर बघा, परवानगी विचारून. पेन्सिलीतली पानं पाठवलीत तर मी बघेन. पान १४ आधी बघेन.